ज्वारीच्या ओळीतली भेसळ

सातशे ऐंशीवं अक्षर मी तीनदा मोजलं. पहिल्यांदा माउसनं, दुसऱ्यांदा पेन्सिलीचं टोक स्क्रीनला लावून आणि तिसऱ्यांदा शेजारी बसणाऱ्या गणिताच्या मॅडमना मोजायला लावून. त्यांनाही तिथं 'ए'च मिळाला. मी इतक्या जोरात टाळी वाजवली की डबा खात बसलेल्या तिघांनी मागे वळून पाहिलं आणि शिपाईमामांनी दारातून विचारलं, काही पडलं का.

काही पडलं नव्हतं. ज्वारी वेगळी निघाली होती.

मी सेलूच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या मुलांना दरवर्षी सांगते की प्रकाशसंश्लेषणाच्या बाबतीत झाडांच्या दोन पंगती आहेत. कापूस, गहू, तूर एका पंगतीत. मका, ऊस, ज्वारी दुसऱ्या पंगतीत, तिला सी-फोर म्हणतात. भर उन्हात, पाण्याची ओढ असताना ही दुसरी पंगत हवेतला कार्बन जास्त नेटानं पकडते, कारण तिच्या पानात एक एन्झाइम अगदी पहिल्या दाराशी उभं असतं. त्याचं नाव उच्चारायला दोन श्वास लागतात, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'पेप' म्हणतो. पेप कापसातही असतं, पण तिथं ते घरातली किरकोळ कामं करतं.

आता हे पेप म्हणजे साडेनऊशेहून जास्त अमिनो आम्लांची एक माळ. कॉम्प्युटरवर प्रत्येक आम्लाला एक इंग्रजी अक्षर देतात. मक्याच्या मोजणीनं सातशे ऐंशीव्या जागेवर कापसात, गव्हात 'ए' असतो आणि मक्यात 'एस'. एवढ्याशा बदलाला मोठी किंमत आहे, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. आणि माझ्या स्क्रीनवर, मक्याच्या जवळच्या नात्यातली ज्वारी, आमच्या मराठवाड्याची ज्वारी, तिथं चक्क कापसाचं अक्षर घेऊन बसली होती.

मला एवढा आनंद का झाला, ते सांगायला हवं. मी अडतीस वर्षांची होते आणि पीएच.डी.च्या नोंदणीसाठी दुसऱ्यांदा उभी राहणार होते. विषय होता, पेपच्या जनुकाची चाळीस वनस्पतींमधली तुलना, सगळी कॉम्प्युटरवर. आदल्या वर्षी परभणीला संशोधन समितीसमोर मी हाच विषय मांडला, तेव्हा अध्यक्ष असलेल्या, स्वतःही जनुकांच्या तुलनेवरच काम करणाऱ्या सरांनी चष्मा काढून एकच प्रश्न विचारला होता, "यात नवीन काय?" मला उत्तर देता आलं नाही आणि अर्ज परत आला. आता येत्या सोमवारी पुन्हा तीच समिती, तेच सर. तिसऱ्यांदा जायला मला तोंड उरलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि आता माझ्याकडे नवीन काहीतरी होतं.

माझा स्वभाव उतावळा. 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण आमच्या घरात माझ्यासाठीच राखून ठेवलेली आहे. मी त्याच दुपारी माझ्या गाइड मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, "तपासलंत ना नीट?" मी म्हटलं, तीनदा मोजलं. सारांश लिहून लगेच समितीकडे पाठवूनही दिला. मग कॉम्प्युटरवर चाळीसही वनस्पतींचा वंशवृक्ष काढला. त्यात ज्वारी मक्याच्या फांदीवरून उठून पार लांब, गव्हा-तांदळाच्या घोळक्यात जाऊन बसली होती. खरं तर तिथंच मला शंका यायला हवी होती. मी मात्र आणखी एक पुरावा मिळाला म्हणून पेढे आणले आणि स्टाफरूममध्ये वाटले.

आईलाही फोन केला. ती पोखर्णीच्या अलीकडच्या आमच्या गावी भाऊ-वहिनीबरोबर राहते. मी तिला माझ्या परीनं सोपं करून सांगितलं की ज्वारी सगळ्यांपेक्षा वेगळी निघाली, आता माझं काम होणार.

"कोणती ज्वारी?" तिनं विचारलं.

मी हसले. ज्वारी म्हणजे ज्वारी माय, म्हटलं. तसं नसतंय, असं काहीतरी ती पुटपुटली, पण तोवर माझी बस आली होती आणि मी फोन ठेवला.

आईला हा प्रश्न का सुचला, ते तिच्या कामावरून कळेल. शाळेपासून जेवढे फॉर्म भरले, त्या प्रत्येकावर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी 'गृहिणी' लिहीत आले. ती घरात कधी असायची ते आम्हा भावंडांनाच माहीत. आमच्या भागात बरेच शेतकरी बीजोत्पादनाचे प्लॉट घेतात, म्हणजे खायला नाही तर पुढच्या पेरणीचं बियाणं म्हणून पीक वाढवतात. अशा रानात एकही परकं झाड चालत नाही. ते फुललं की त्याचा पराग सगळ्या रानात जातो आणि बियाणं वाया. म्हणून बायांची टोळी ओळीओळीनं चालत परकी झाडं हुडकून उपटते. त्याला भेसळ काढणं म्हणतात. माझी आई त्या टोळीची मुकादम होती, जवळजवळ तीस वर्षं. ज्वारीच्या रानात दहा पावलांवरून ती नुसती पानाची मधली शीर बघून सांगायची की हे आपलं नाही. पांढरी शीर, मळकट शीर, कणसाची बांधणी, फुलायचा दिवस, सगळं तिच्या डोळ्यात साठवलेलं. तीन फेऱ्या करायच्या, फुलण्याआधी, फुलताना आणि काढणीच्या तोंडावर, हा तिचा नियम. आणि उपटलेलं झाड रानात टाकायचं नाही. ते काखेत मारून बांधावर न्यायचं आणि तिथं ढीग लावायचा. प्लॉट तपासायला येणारे साहेब आधी बांधावर जाऊन तो ढीग बघत.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पण माझ्या कामाशी त्याचा काही संबंध असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

शनिवारी कॉलेज सकाळचं असतं. सुटल्यावर मी रेल्वेनं परभणी आणि तिथून बस गाठली. सोमवारचं भाषण पाठ करायला गावासारखी जागा नाही, तिथं कुणी मध्ये बोलत नाही. काखेत कागदांची मोठी गुंडाळी होती. चाळीस वनस्पतींच्या पेपच्या माळा एकाखाली एक जुळवून मी झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतल्या होत्या, तेरा कागद, एकाला एक चिकटवलेले. सर काहीही विचारोत, मी गुंडाळी उलगडून दाखवणार, असा माझा थाट होता. शनिवारमुळं बस पोखर्णीच्या नरसिंहाच्या दर्शनाला निघालेल्यांनी भरलेली होती. शेजारच्या आजोबांनी ती गुंडाळी बघून विचारलं, मोजणीचा नकाशा हाय का. मी अभिमानानं हो म्हटलं.

भाऊ-वहिनी रानात गेले होते. मी पुढच्या खोलीत गुंडाळी पसरली आणि उडू नये म्हणून कडेला पायली, तांब्या, पाटा, मिळेल ते ठेवलं. दारापासून पार आतल्या उंबऱ्यापर्यंत कागद गेला. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय पसरायलीस हे?"

मी समजावलं. एक ओळ म्हणजे एक वनस्पती. सगळ्यात वर मका. खालच्या ओळीतलं अक्षर मक्याशी जुळलं तर तिथं नुसता ठिपका छापलाय, जुळलं नाही तर अक्षर छापलंय. ठिपके जास्त म्हणजे नातं जवळचं. एवढं तिला पुरलं. मी उंबऱ्याशी उभी राहून, समोर समिती बसली आहे असं मानून भाषण सुरू केलं.

आई ऐकत नव्हती. तिनं निऱ्या वर खोचल्या, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि वाकून कागदाच्या कडेनं चालायला लागली. अक्षराला पाय लागू नये म्हणून भिंतीला अगदी चिकटून. तिची ती चाल मी ओळखली. रानात ती अशीच चालायची, मान किंचित तिरकी, नजर चार हात पुढे. तेरा कागद संपले, ती वळली आणि परत आली. तिसऱ्या कागदाशी थांबली, सातव्याशी थांबली. मी भाषणात सातशे ऐंशीव्या अक्षरापर्यंत पोचले होते.

"हा तिसरा तास कशाचा हाय?" तिनं विचारलं. पिकाच्या ओळीला आमच्याकडे तास म्हणतात.

मी म्हटलं, ज्वारीचा. वरचा मक्याचा, मधला उसाचा.

"उसाचा तास ठिपकेच ठिपके हाय. मग हा तास ह्या रानातला न्हाई."

मला हसू आलं. तेच तर सांगतेय, मी म्हटलं, ज्वारी वेगळी आहे. आणि दहाव्या कागदाशी जाऊन मी तिला माझं लाडकं अक्षर दाखवलं. तिनं त्याच्याकडे धड बघितलंही नाही.

"तू एक झाड दाखवायलीस. मी अख्खा तास बघायले. एक झाड उंच झालं म्हणून ती भेसळ नसती, तिथं शेणाचा ढीग पडला असंल. शीर बघावं, पान बघावं, कणीस बघावं. हितं तर बुडापासून शेंड्यापत्तोर समदंच येगळं हाय. आन् खालच्या त्या तासासंगं जुळायलंय." तिनं गव्हाच्या ओळीकडे बोट केलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे बियाणंच दुसरं पडलंय."

माझा पारा चढला. मी सहा महिने स्क्रीनला डोळे लावून बसले होते आणि ही इंग्रजी अक्षरं न वाचता दोन चकरा मारून मला शिकवत होती. तुला काय कळतंय त्यातलं, असं मी तोडून बोलले. ती चहा ठेवायला आत गेली. मी तिथंच उभी राहिले आणि पहिल्यांदा, खरोखर पहिल्यांदा, ती ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचली.

स्क्रीनवर एका वेळी साठ-सत्तर अक्षरंच दिसतात. मी सहा महिने तेवढ्याच खिडकीतून सातशे ऐंशीच्या आसपास डोकावत होते. बांधावर उभं राहून एकच झाड बघावं तसं. आणि आता अख्खी ओळ पायाशी पसरली होती, अक्षरांनी खच्चून भरलेली. मक्याच्या जवळच्या नात्यातली ज्वारी अशी असणंच शक्य नव्हतं.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्वारीत पेपचं जनुक एक नसतंच. पाच-सहा भावंडं असतात. त्यातलं एक पानात, उन्हाच्या कामाला लागलेलं. बाकीची मुळात, दाण्यात, घरातली जुनीच कामं करत राहिलेली, आणि म्हणून गव्हातल्या जनुकासारखी दिसणारी. हे मला माहीत होतं, मी मुलांना शिकवलंही होतं. पण इंटरनेटवर या माळा साठवलेल्या डेटाबेसमध्ये ज्वारी आणि पेप एवढं टाकून मी सगळ्यात वर आलेलं उचललं होतं. आईनं फोनवर विचारलं होतं, कोणती ज्वारी. तिच्या मनात बियाणं होतं, पण प्रश्न अगदी बरोबर होता.

आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त स्लॅबवर जाणाऱ्या जिन्याच्या पाचव्या पायरीवर येते. तिथं लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. ज्वारीची सगळी भावंडं उतरवली, एकाखाली एक लावली. चौथं उघडलं आणि ओळच्या ओळ ठिपक्यांची झाली. सातशे ऐंशीव्या जागेवर गेले. तिथं 'एस' होता. ज्वारी अगदी तिच्या जागी, मक्याच्या शेजारी, जशी असायला हवी तशीच होती.

मला रडू आलं. पेढे आठवले, गणिताच्या मॅडम आठवल्या, समितीकडे गेलेला सारांश आठवला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असला माझा सगळा प्रकार. आई चहाचा कप घेऊन चौथ्या पायरीवर बसली. मी तिला सांगितलं, तुझं बरोबर होतं. तिनं मान हलवली, जणू कुणी तिला आज शनिवार आहे असं सांगितलं होतं.

"पहिली फेरी झाली," ती म्हणाली. "आजून दोन हायत. ऊठ."

आणि मग जी दुपार गेली, तिच्यासारखी दुपार माझ्या आयुष्यात दुसरी नाही. आई ज्वारीचे मूठभर दाणे घेऊन आली. ती कडेनं चालायची आणि ज्या ओळीचा संशय येईल तिच्यावर एक दाणा ठेवायची. मी तो दाणा उचलून जिना चढायची, डेटाबेसमध्ये त्या वनस्पतीची सगळी भावंडं हुडकायची आणि खाली येऊन निकाल सांगायची. चढ-उतार करून पोटऱ्या भरून आल्या, पण थांबवेना. एक दाणा निघाला तो अर्धवट माळेवर, कुणीतरी निम्मंच जनुक भरून ठेवलेलं. एक निघाला दुसऱ्याच भावंडावर, ज्वारीसारखाच. एका ओळीवर तर जे नाव होतं ती वनस्पतीच ती नसावी, इतकी ती आपल्या नातलगांशी फटकून होती. प्रत्येक वेळी मी वरून ओरडायची, भेसळ. आई खालून विचारायची, किती खुणा. दोन-तीन खुणा सांगितल्याशिवाय तिनं एकही ओळ उपटू दिली नाही. मी उतावळेपणानं एक चांगली ओळ काढायला निघाले, तीही तिनं वाचवली.

तिसऱ्या फेरीत तिनं राजगिऱ्याच्या ओळीवर दाणा ठेवला. साहजिक होतं, ती ओळ अक्षरांनी गच्च भरलेली होती. मी वर जाऊन तपासलं. जनुक बरोबर होतं, पानातलंच, उन्हाच्या कामाचं. राजगिरासुद्धा सी-फोरच, फक्त मक्याच्या कुळाशी त्याचं दूरदूरचंही नातं नाही, म्हणून अक्षरं वेगळी. पायरीवर बसूनच मी सातशे ऐंशीव्या जागेवर गेले.

तिथं 'एस' होता.

मी पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाही. आईचे दोन्ही खांदे धरून तिला सांगितलं. मका आणि राजगिरा एकमेकांच्या लग्नकार्यालाही जाणार नाहीत इतके लांबचे. तरी उन्हानं दोघांनाही तेच काम दिलं आणि दोघांनीही, एकमेकांना न विचारता, नेमकं तेच अक्षर बदललं. पुस्तकात मी हे वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि उपटलेल्या ओळी बाजूला झाल्यावर समोर तो स्वच्छ उभा रकाना दिसणं वेगळं. कागदावर राहिलेल्या, उन्हाचं काम करणाऱ्या प्रत्येक जनुकात 'एस', बाकी सगळ्यांत 'ए'. एकही अपवाद नाही. माझ्या अंगावर काटा आला होता.

"मग तिला राहू दे," आई म्हणाली आणि राजगिऱ्यावरचा दाणा उचलला.

चहा पुन्हा झाला तेव्हा मी भानावर आले. हा रकाना सुंदर होता, पण जगाला आधीच माहीत होता. म्हणजे सोमवारी सर पुन्हा विचारणार, यात नवीन काय, आणि मी पुन्हा गप्प. शिवाय सारांशात ज्वारी वेगळी आहे असं माझ्याच सहीनं लिहून गेलेलं. मनात एक विचार आला, तोही सांगते. ती एक ओळ गुपचूप बदलावी, भाषणातून ज्वारीचं नाव काढावं, कुणी विचारलं तर सारांशात टायपिंगची चूक झाली म्हणावं. सारांश कोण एवढा बारकाईनं वाचतं. मी हे मोठ्यानं बोलले.

आई कागद गुंडाळत होती. थांबली.

"आमच्यातल्या काही बाया ढीग लपवायच्या," ती म्हणाली. "मोठा ढीग दिसला की मालकाची नाचक्की हुती म्हणून वढ्यात टाकून यायच्या. मी कधी लपवू दिला न्हाई. बांधावर ढीग दिसला की साहेबाला कळतंय, भेसळ निघाली. ढीग लपवला की त्याला वाटतंय, आजून रानातच हाय."

मी गुंडाळीचं दुसरं टोक धरलं.

रविवारी गाइड मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, तुम्ही तपासलंय म्हणाला होतात. मी म्हटलं, हो, म्हणाले होते, तेव्हा तपासलं नव्हतं. आता तपासलंय. त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या की मग तेच सांगा, पण उलटतपासणीला तयार राहा. त्यांचा आवाज कोरडा होता. तो मला लागला, आणि लागायलाच हवा होता.

सोमवारी समितीच्या खोलीत पाच जण बसले होते, मधोमध तेच सर. मी पहिल्याच पानावर ज्वारीची चुकीची ओळ लावली होती आणि वर लिहिलं होतं, 'काढलेली ओळ'. तिच्याखाली काढलेल्या बाकीच्या तिन्ही ओळी. सरांनी हातातला सारांश बघितला, पडद्याकडे बघितलं.

"सारांशात तुम्ही वेगळंच लिहिलंय."

मी म्हटलं, ते चूक आहे सर, आणि चूक कशी झाली तिथूनच मी सुरुवात करणार आहे. मग मी बोलत सुटले. भीती वाटत नव्हती, उलट कधी एकदा सगळं सांगते असं झालं होतं. भावंडं सांगितली, एका खुणेवर विसंबल्यानं काय होतं ते सांगितलं, वंशवृक्षात लांब जाऊन बसलेली ज्वारी दाखवली. शेवटी राजगिऱ्याचा 'एस' दाखवला तेव्हा माझा आवाज नको तेवढा वर गेला आणि कोपऱ्यातल्या एक मॅडम हसल्या.

सरांनी चष्मा काढला.

"हे सगळं ठीक. यात नवीन काय?"

"अक्षर नवीन नाही, सर," मी म्हटलं. "चाळीस ओळींत चार भेसळीच्या निघाल्या. मी तुलना करायला बसले होते, पण तुलनेच्या आधी हे रान साफ करायला हवं, आणि ते कसं करायचं याची रीत मला बांधायची आहे. किती खुणा जमल्या म्हणजे ओळ काढायची, किती फेऱ्या करायच्या आणि काढलेली प्रत्येक ओळ कुठं मांडून ठेवायची, हे ठरवायचंय. विषय मला तसा बदलून हवा आहे."

सर पहिलं पान पुन्हा लावा म्हणाले. मी लावलं. त्यांनी त्या चार ओळी एकेक करून वाचल्या, मग खिशातून पेन काढून तिसऱ्या ओळीचा डेटाबेसमधला नंबर हातातल्या कागदावर उतरवून घेतला.

"ही रीत कुठं शिकलात?"

माझ्या डोळ्यासमोर ते सगळे फॉर्म आले, तो रकाना आला.

"माझ्या आईकडून," मी म्हटलं. "ती बीजोत्पादनाच्या रानात भेसळ काढणाऱ्या बायांची मुकादम होती."

कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा परत घातला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर मी किती वेळ बसले ठाऊक नाही, हातातल्या रुमालाचा बोळा झाला होता. गाइड मॅडम बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या की नोंदणी झाली, विषय बदलून. आणि पुढच्या वेळी तीनदा मोजण्याऐवजी एकदा नीट बघत जा. आता त्यांचा आवाज कोरडा नव्हता.

मी तिथूनच आईला फोन लावला. ती रानात होती, वाऱ्याचा आवाज येत होता. मी सांगायला तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं, ढीग दाखवला का. दाखवला, म्हटलं. अगदी पहिल्या पानावर.

"साहेबानं नीट बघितला का?"

"बघितला. एकेक ओळ बघितली. आणि एका ओळीचा नंबर कागदावर लिहून पण घेतला."

आई मोठ्यानं हसली. तीस वर्षं बांधावर उभी राहिलेली बाई जशी हसेल तशी.

"मग त्याच्याबी रानात असंल ती भेसळ," ती म्हणाली.